बाघजान आणि जनसुनावणी

आसामातील बाघजानच्या तेलविहिरीतून २७ मे २०२० रोजी वायूचा उद्रेक झाला. ९ जूनला तिने पेट घेतला. आग पुरती विझायला नोव्हेंबर उजाडला. दोन अग्निशामक कर्मचारी दगावले, हजारो ग्रामस्थ छावण्यांत गेले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने जमिनीवरील शोधखोदाई ‘ब-२’ वर्गात टाकून जनसुनावणीतून मोकळी केली होती. (बाघजानची विहीर त्याआधीची, हे नमूद केले पाहिजे.) शोधखोदाई तात्पुरती असते, असा युक्तिवाद केला जातो. परंतु भूस्तरातील दाबाचा अंदाज सर्वांत कमी असतो तो याच टप्प्यात! सुनावणीला विलंब समजणे मला प्रशासक म्हणून पटत नाही. रात्री गुरांसह कोणत्या वाटेने निघता येईल, हे आमच्या नकाशात नसते. गावकऱ्यांना ठाऊक असते. ही सूट मागे घ्यावी.