टिपण हवं, पण कशाचं?

आमच्या चित्रपट मंडळात खेळाआधी मी पानभर मराठी टिपण वाटतो. त्यावर एक आक्षेप ठरलेला: "चित्रपटानं स्वतः बोलावं, मास्तरकी कशाला?" आक्षेप अर्धा खरा आहे. 'स्टार वॉर्स'मधले दोन यंत्रमानव जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'हिडन फोर्ट्रेस'मधल्या दोन भांडखोर शेतकऱ्यांवरून सुचले, हे ठाऊक नसलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. ही माहिती मध्यंतरातल्या चहासोबतची.

पण १९५४चा 'गोजिरा' घ्या, ज्याला आपण गॉडझिला म्हणतो. सुरुवातीलाच बोटीच्या डेकवर खलाशी निवांत वाजवत-गात बसलेत. एकाएकी समुद्र डोळे दिपवून उजळतो, बोट पेटते. आपल्याला वाटतं, चला, राक्षस आला! तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला मात्र तो उजेड ओळखीचा होता. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ट्यूना धरायला गेलेल्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या बोटीवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. पकडून आणलेली मासळी टाकून द्यावी लागली. बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारला आणि ३ नोव्हेंबरला इशिरो होंडाचा हा चित्रपट लागला. त्यात आगगाडीत बसलेली एक तरुणी दूषित ट्यूनाबद्दल कुरकुरते आणि नागासाकीतून वाचले ती यासाठी का, अशा सुरात बोलते. जेमतेम काही सेकंदांचा प्रसंग. अमेरिकी वितरकांनी १९५६च्या आवृत्तीत रेमंड बर हा नट अमेरिकी वार्ताहर म्हणून घुसवला आणि नागासाकीचं ते बोलणं काढून टाकलं. उरला तो इमारती तुडवणारा प्राणी. संदर्भ गळाला की असं होतं. फरक इतकाच की तिथं कात्री चालली, इथं आपलं अज्ञान तेच काम फुकटात करतं.

उलट बाजूनंही तेच. 'फॉरेस्ट गम्प'मध्ये फॉरेस्ट विद्यापीठाच्या दारात एका कृष्णवर्णीय मुलीची पडलेली वही उचलून देतो. आपण हसतो. तो ११ जून १९६३ चा अलाबामा आहे, कृष्णवर्णीयांचा प्रवेश रोखायला दार अडवून उभा असलेला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस आहे आणि ती मुलगी विव्हियन मलोन आहे, हे कळल्यावर हसू जरा अडखळतं. त्याचाच हिंदी अवतार असलेल्या 'लाल सिंग चड्ढा'वाल्यांनी आपल्याकडच्या १९८४च्या शीखविरोधी दंगली आणल्या त्या उगाच नाही. अमेरिकेचा इतिहास इथल्या प्रेक्षकाला आपसूक कळणार नव्हता.

तेव्हा तुमच्या गावात मंडळ चालत असेल तर टिपण जरूर लिहा. पानभराच्या वर जाऊ नका, कोणी कोणाला सलाम ठोकला याच्या याद्या देऊ नका आणि कृपा करून शेवट फोडू नका.