दस्तुरी ते कलिना

माथेरानच्या मुलाला गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला विद्यापीठाचं कलिना संकुल गाठायचं तर आधी गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत पायपीट, मग नेरळ, लोकल, कुर्ला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. मुंबई विद्यापीठाचा कारभार तपासायचाच, तर या वाटेवरून तपासा. वेळ आणि पैसा या वाटेवर जातो, पण खर्चकपात म्हटली की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड प्राध्यापकभरतीवर! वर्ग तासिका तत्त्वावर ढकलायचे, फायलींचा प्रवास मात्र तसाच. नुसती यंत्रं आणूनही भागत नाही: २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची घाई झाली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. यंत्रणा नवी आली, तयारी कुणी पाहिली नव्हती. एका कागदावर इतक्या सह्या कशाला, हे आधी विचारा. त्या कमी करा आणि वाचलेल्या पैशांतून गावाकडच्या महाविद्यालयांत पूर्णवेळ शिक्षक नेमा.