नाणं गल्ल्यात, माणूस दाराबाहेर

“हे आपल्या संस्कृतीत कधी नव्हतंच,” आणि “आपल्या संस्कृतीनं यांना पहिल्यापासून मान दिलाय.” ही दोन्ही वाक्यं मी आमच्या शहरातल्या शहागंज बाजारात एकाच माणसाच्या तोंडून, एकाच बैठकीत ऐकलेली आहेत. पहिलं समलिंगी मुलामुलींबद्दल, दुसरं तृतीयपंथीयांबद्दल. कोर्टाचा एखादा निकाल पेपरात आला की चहाच्या टपरीवर, कापड दुकानातल्या गादीवर हा विषय निघतो. बोलणारी माणसं वाईट नसतात. शेजाऱ्याकडे मयत झाली तर दुकानाचं शटर ओढून खांदा द्यायला जाणारी ही माणसं आहेत. त्यामुळे ‘जुन्या विचारांचे’ म्हणून त्यांना बाजूला सारणं मला पटत नाही. त्यांनी मत मांडलंय, तर त्याला उत्तर दिलं पाहिजे.

आधी मानाचं बघू. घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या दुकानांतून तृतीयपंथीयांची टोळी फिरते. दारात टाळी वाजते, मालक दहा-वीसची नोट काढतो. नवं दुकान असेल, घरात नातू झाला असेल, तर रक्कम वाढते. मग मालक गल्ल्यातून एक रुपयाचं नाणं काढून पुढं करतो आणि म्हणतो, याला हात लावून द्या. त्यांच्यातली एक ते कपाळाला लावते, डोळे मिटून काही पुटपुटते आणि परत देते. ते नाणं खर्च करायचं नसतं. ते गल्ल्याच्या कोपऱ्यात वेगळं ठेवतात. हिंदू दुकानदार लक्ष्मी म्हणून ठेवतो, मुसलमान दुकानदार बरकत म्हणून. त्या हाताच्या स्पर्शानं धंदा वाढतो, यावर दोघांचाही विश्वास आहे.

पण त्याच हातानं कापड मोजलेलं चालत नाही. शहागंजच्या काउंटरमागे उभी राहून साडी उलगडून दाखवणारी, बिल फाडणारी एकही तृतीयपंथी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. खोली भाड्यानं मागायला ती गेली तर घरमालक आधी नाही म्हणतो, कारण नंतर शोधतो. ज्याला आपण मान म्हणतो तो उंबरठ्याच्या बाहेर उभं करून दिलेला मान आहे. आशीर्वाद द्या, पैसे घ्या, पुढच्या दुकानात जा. माणसाला समाजात जागा आहे असं म्हणायचं, तर ती जागा कामाच्या ठिकाणी, भाड्याच्या घरात आणि शाळेच्या बाकावर दिसायला हवी.

यावर लगेच उत्तर येतं: ते अडवणूक करतात, लग्नघरात हजारोंची मागणी करतात, नाही दिले तर नको ते करतात. हे घडतं. नाकारण्यात अर्थ नाही. जबरदस्तीनं पैसे काढणं हा गुन्हा आहे, तो कुणीही केला तरी गुन्हाच आहे, आणि त्यासाठी पोलीस चौकी आहे. पण बाजार मागणं किंवा शरीर विकणं यापलीकडे ज्यांना आपण एकही काम दिलेलं नाही, त्यांच्या मागण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवून त्यांना काम नाकारणं, हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. त्यांच्या गुरू-चेल्यांच्या व्यवस्थेतही पिळवणूक आहे. पंधराव्या वर्षी घरातून हाकललेल्या पोराला ज्या दारात भाकरी मिळते, तिथले नियम त्याला पाळावेच लागतात. ते पोर घरातून कुणी हाकललं, हे मात्र या चर्चेत कुणी विचारत नाही.

आता संस्कृतीचा दावा. हे खूळ पश्चिमेकडून आलं म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराचा सिराज औरंगाबादी वाचावा. 1763 साली वारलेला हा कवी. त्याच्या गझला आजही कव्वालीत गायल्या जातात. त्याची ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी एका तरुणावरच्या प्रेमाची आणि विरहाची कहाणी आहे, तीही बरीचशी त्याची स्वतःची. सूफी वाचक त्यातून ईश्वरप्रेमाचा अर्थ काढतात, तो काढायला हरकत नाही. पण अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी या शहरातल्या एका प्रतिष्ठित कवीला पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम कवितेचा विषय करताना लाज वाटली नव्हती, एवढं तरी मान्य करावं लागेल. तेव्हा इथे इंग्रजी शाळा नव्हती.

आमच्या बाजूच्या मित्रांनाही इथे एक सांगायचं आहे. शिखंडी, बृहन्नडा, अर्धनारीनटेश्वर यांची यादी वाचून हा वाद जिंकता येत नाही. अर्धनारीनटेश्वरापुढे हात जोडणारा माणूस घरी येऊन पोराला पट्ट्यानं मारतो. परंपरेत दोन्ही सापडतं. मनुस्मृतीत पुरुषापुरुषांतला संबंध एके ठिकाणी जातिभ्रंश करणारं पाप आहे, तर दुसरीकडे त्याला प्रायश्चित्त म्हणून फक्त सचैल स्नान सांगितलंय. ज्या ग्रंथाचं 1927 साली महाडला दहन झालं, त्याचा आधार मला घ्यायचाही नाही. मुद्दा एवढाच, की ज्या कृत्याला जुन्या स्मृतीनं कपड्यांनिशी अंघोळ सांगितली, त्याला 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेनं कलम 377 खाली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. आज ‘आपली संस्कृती’ म्हणून जे छाती ठोकून सांगितलं जातं, त्यात या परक्या कलमाचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडचा इतिहास तर आणखी जवळचा आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या हैदराबाद संस्थानात 1329 फसली, म्हणजे 1919 साली तृतीयपंथीयांसाठी खास कायदा झाला. त्यात त्यांची नोंदवही ठेवायची होती. बायकांचे कपडे घालून, दागिने घालून ती रस्त्यात दिसली किंवा सार्वजनिक जागी नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक करता येत होती. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींच्या कायद्यात जे केलं, त्याचीच ही नक्कल. संस्थान गेलं, पण कायद्याची पोथी पुढच्या राज्यात चालत राहिली. तेलंगण उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला तेव्हा 2023 चा जुलै उजाडला होता. ज्यांना पोलिसांच्या वहीत गुन्हेगार म्हणून लिहिलं, ते गावाच्या कडेला का राहतात आणि त्यांना चारचौघांसारखी कामं का येत नाहीत, याचं उत्तर या वहीतही शोधावं लागेल.

हे शहरी पुरोगाम्यांचं नवं फॅड आहे, असंही म्हटलं जातं. र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्याही, त्यांनी सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. ज्या शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्या शहराच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागावं म्हणून माणसांनी जीव दिले, त्या शहरात तरी हा विषय नवा म्हणून झटकता येणार नाही. शंभरीकडे आलेला हा मराठीतला वाद आहे. याच विषयावरचं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर येऊनही चार दशकं उलटली.

आजार आहे, या समजुतीवर फार वेळ घालवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता 1990 साली आजारांच्या यादीतून काढली. ती ‘बरी’ करण्याचे उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 साली सांगितलं. तरीही कुणी पोराला गोळ्या देत असेल, झटके देत असेल, तर त्या डॉक्टरची तक्रार करा.

मुलं बघून बिघडतील, हेही तसंच. आपल्या सगळ्या समलिंगी मुलांनी लहानपणापासून घरीदारी फक्त नवरा-बायकोच पाहिले. पाहून माणूस घडत असता तर ती मुलं तशी झालीच नसती.

थांबायचं आहे ते पुढच्या सल्ल्यापाशी, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तो करतो. लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. या सल्ल्यानं मोडलेलं एक घर मी जवळून पाहिलं आहे. मुलगा शिकलेला, वडिलांच्या धंद्यात लक्ष घालणारा. त्यानं आईला एकदा धीर करून सांगितलं. आईनं स्वतःची शपथ घातली, बाहेर बोलायचं नाही म्हणून, आणि स्थळं बघायला सुरुवात केली. बायोडाट्यात लिहिलं: निर्व्यसनी, घरचा व्यवसाय, एकुलता एक. सून आली. वर्ष गेलं तरी पाळणा हलेना, तेव्हा तिची सोनोग्राफी झाली, रक्ततपासण्या झाल्या, सोळा सोमवार झाले, नवस झाले. नवऱ्याची एकही तपासणी झाली नाही. तो माल आलाय, हिशेब राहिलाय म्हणत दुकानातच झोपायला लागला. सासूला सगळं ठाऊक होतं आणि ती सुनेला डॉक्टरांकडे घेऊन जात होती. शेवटी ती पोरगी माहेरी परतली, तेव्हा तिच्या गावात लोक म्हणाले, हिच्यातच काहीतरी खोट असणार.

घराण्याची अब्रू राखण्याची ही किंमत कुणी मोजली? एका परक्या घरच्या लेकीनं, जिला काही सांगितलंच नव्हतं. हुंड्याच्या गाडीबद्दल, सोन्याच्या वजनाबद्दल खरंखोटं तपासणारी दोन्हीकडची माणसं या एका बाबतीत गप्प राहिली. कुटुंबसंस्था वाचवायची म्हणून समलिंगींना विरोध करणाऱ्यांना माझं विचारणं आहे: या लग्नात कुटुंब कुठं वाचलं? आणि मुलगी समलिंगी असेल तर तिला आईला सांगायची संधीसुद्धा मिळत नाही. मैत्रिणीचे मेसेज सापडले की कॉलेज बंद, फोन जप्त आणि मिळेल त्या स्थळाशी लग्न. पुढे तिच्या अंगावर जे होतं त्याला कुणी अत्याचार म्हणत नाही.

मग स्वीकारायचं म्हणजे काय करायचं? हे करून दाखवलेली माणसं आपल्याच मुलखात आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानं ग्रामपंचायतीसाठी महिला राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या आपल्या शहरातल्या खंडपीठासमोर आलं आणि जानेवारी 2021 मध्ये न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी तिला स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली. सवलतीपुरतं स्त्री व्हायचं आणि नंतर फिरायचं असं चालणार नाही, हेही निकालात आलं. म्हणजे गैरफायद्याची जी भीती घातली जाते, तिचाही बंदोबस्त झाला. त्यानंतर गावानं तिला निवडून दिलं. फॉर्ममधल्या रकान्यात अडलेल्या अधिकाऱ्याला जे जमलं नाही, ते खेड्यातल्या मतदारांना जमलं.

दुसरं उदाहरण बीडचं. माजलगाव तालुक्यातले ललित साळवे ललिता या नावानं पोलिसात शिपाई म्हणून लागले होते. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली, ती नाकारली गेली, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली. 2020 साली आपल्याच शहरात त्यांचं लग्न झालं आणि जानेवारी 2024 मध्ये ते बाप झाले. बीडच्या पोलीस दलाचं यात काही बिघडलं नाही. गणवेश तोच, ड्युटी तीच.

कायद्याचं काम मात्र अर्धवट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मोकळे केले. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात कलम 377 ठेवलंच नाही, आणि त्याबरोबर पुरुषावर होणाऱ्या बलात्काराविरुद्धचं हत्यारही गेलं. तृतीयपंथीयांवरच्या लैंगिक अत्याचाराला 2019 च्या कायद्यात शिक्षा आहे सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं असताना या शरीराची किंमत इतकी कमी का, याचं उत्तर संसदेनं द्यायला हवं. समलिंगी विवाहाची मागणी सर्वोच्च न्यायालयानं 17 ऑक्टोबर 2023 रोजी फेटाळली आणि चेंडू संसदेकडे टोलवला. त्याची वाट बघत बसण्याइतकं आयुष्य सगळ्यांकडे नसतं.

पण दिल्लीकडे न बघता करण्यासारखं पुष्कळ आहे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं काढायला, खात्यावर एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लावायला आडकाठी नाही, रेशनकार्डावर त्यांना एकाच घरातले धरावं, हे केंद्र सरकारनं 2024 साली स्पष्ट केलं आहे. बँकेच्या खिडकीवरच्या आणि रेशन दुकानातल्या माणसाला ते माहीत असलं पाहिजे. ज्या आईबापांना मुलानं काही सांगितलंय, त्यांनी निदान मध्यस्थाला फोन करू नये. आणि शहागंजच्या व्यापाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रमजानच्या आणि दिवाळीच्या आधी तुमच्या दारावर ‘कामासाठी मुलं-मुली पाहिजेत’ अशा पाट्या लागतात. यंदा ती पाटी वाचून कुणी तृतीयपंथी आत आली, तर नोट काढू नका. बसायला सांगा. कापड मोजता येतं का, हिशेब येतो का, सकाळी दहाला हजर राहशील का, जे इतरांना विचारता तेच विचारा. आणि पगार इतरांइतकाच द्या.