न पुसता येणारी सही

सार्वजनिक बांधकाम विभागात ज्यांची हयात गेली, त्यांना ‘एम.बी.’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या मोजमाप पुस्तकाच्या पानांवर छापील क्रमांक असतात. पान फाडायचे नाही, नोंद पुसायची नाही. चूक झालीच तर तिच्यावर रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची आणि तारखेसह सही करायची, असा दंडक आहे. ठेकेदाराचे देयक निघते ते या नोंदींवरच. ‘ब्लॉकचेन’ या शब्दाने बिचकणाऱ्या वाचकाने एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या तंत्रज्ञानाचे बीज या जाडजूड पुस्तकात आहे.

फरक आहे तो बंदोबस्ताचा. ब्लॉकचेनमध्ये नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यावरून गणिताने एक ठसा काढला जातो आणि तो पुढच्या गठ्ठ्यात गुंफला जातो. मागील नोंदीतले एक अक्षर बदलले, तरी पुढचे सारे ठसे जुळेनासे होतात. शिवाय वहीच्या प्रती अनेकांकडे असल्याने एकाला गुपचूप फेरफार करता येत नाही. १९९१ साली अमेरिकेत स्टुअर्ट हाबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ही कल्पना मांडली, ती कागदपत्रांची तारीख निर्विवाद ठरावी म्हणून. पुढे त्यांच्या पद्धतीतले ठसे चक्क ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापले जात; लाखो घरांत गेलेला अंक मागे जाऊन कोण बदलणार? २००८ नंतर बिटकॉइनच्या सट्ट्याने या तंत्राचे नाव गाजले, आणि काहीसे बदनामही झाले.

अभियांत्रिकी व्यवसायाला त्याचा उपयोग कोणता? दि. १४ मार्च २०१९ च्या सायंकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला. त्याआधीच्या संरचनात्मक तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी ठरविण्यात आली होती. निष्पाप माणसे गेली, तपासणी करणारा आणि महापालिकेचे काही अभियंते यांना अटक झाली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर प्रश्न तेच असतात : कोणी, केव्हा पाहिले, काय पाहिले, कोणाच्या सहीने पुढे गेले? उत्तरे धुंडाळण्यासाठी कपाटे उघडावी लागतात, आणि कपाटातला कागद दुर्घटनेच्या आधीचा की नंतरचा, याची खात्री कोण देणार?

ब्रिटनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर ही इमारत पेटून ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या स्वतंत्र पुनरावलोकनातून इमारतीच्या माहितीचा ‘सोनेरी धागा’ आरेखनापासून वापरापर्यंत अखंड राखावा, ही कल्पना पुढे आली आणि २०२२ च्या कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती बंधनकारक झाली. त्या कायद्यात ब्लॉकचेनचा आग्रह नाही. आग्रह आहे तो जबाबदार व्यक्ती निश्चित करण्याचा, आणि ते योग्यच आहे.

कारण यंत्र साक्ष देते ती लिहिलेल्याची, घडलेल्याची नव्हे. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी दाबून पाहतात. पण स्लॅबमध्ये एक मिश्रण आणि ठोकळ्यात दुसरे, असे केले तर? खोटा आकडा साखळीत अढळपदी जाऊन बसेल! जपानसारख्या शिस्तप्रिय देशातही कोबे स्टील या नामांकित कंपनीला २०१७ साली धातूच्या गुणवत्तेचे आकडे बदलल्याची कबुली द्यावी लागली. बनाव उगमापाशीच होता. तिथे साखळी काय करणार? साखळीच्या सर्व प्रती एकाच खात्याच्या संगणकांत राहिल्या, तर तीही केवळ महागडी एम.बी. ठरेल. ठेकेदार, प्रयोगशाळा, खाते आणि त्रयस्थ लेखापरीक्षक अशा परस्परांवर डोळा ठेवणाऱ्यांकडेच त्या असल्या पाहिजेत.

त्याहून मूलभूत अडचण आपल्या घरातली आहे. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी असा केंद्रीय कायदा स्वातंत्र्यानंतरच्या सात दशकांत झाला नाही. लेखापालांच्या संस्थेने २०१९ पासून प्रमाणपत्रांवर १८ अंकी विशिष्ट क्रमांक सक्तीचा केला, आणि बनावट सह्यांना पायबंद घालण्याची सोय झाली. त्यासाठी ब्लॉकचेन लागली नाही. लागली ती सही कोणाची मानायची हे सांगणारी संस्था. अभियंत्यांची अशी अधिकृत नोंदवहीच नसेल, तर साखळीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची? कायद्याचा हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपविणे हा शुद्ध पळपुटेपणा होय.

मात्र तो सुटला, तर सर्वाधिक लाभ व्हावा तो कनिष्ठ अभियंत्याला. भरउन्हात कामावर उभा असणारा हा तरुण ‘सळई कमी आहे’ असे लिहितो, आणि वरून फोन आला की त्याचा शेरा फाइलीतून नाहीसा होतो. दहा वर्षांनी पूल खचला, की सही मात्र त्याचीच सापडते. त्याचा शेरा तारीख-वेळेसह चार ठिकाणी उमटलेला असेल, तर तो फोन करणाऱ्यालाही आपला आदेश साखळीत लेखी नोंदवावा लागेल. किती जण नोंदवतील?