चुलीजवळचे मांजर

६ डिसेंबरला मुंबईला गेलेली मंडळी चैत्यभूमीहून गावी परतली, की आमच्या वर्धा जिल्ह्यात थंडी खऱ्या अर्थाने बसते. सोयाबीन केव्हाच निघालेले असते, कापसाच्या वेचण्या अर्ध्यावर आलेल्या असतात, तुरीच्या शेंगा भरू लागतात आणि गहू-हरभऱ्याला पाणी देण्यापलीकडे म्हाताऱ्या माणसांना फारसे काम उरत नाही. दिवस लहान आणि रात्र मोठी. शहरात स्थायिक झालेले आमचे आप्तेष्ट विचारतात, "अशा दिवसांत तुम्ही खेड्यात करता तरी काय?" उत्तर सोपे आहे. आम्ही दोघे नवरा-बायको आणि आमची दोन मांजरे, असे चौघे मिळून थंडी काढतो.

विदर्भाची थंडी म्हणजे थट्टा नव्हे. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणारा हा मुलूख. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत पहाटे वावरात जाण्यात एक वेगळेच सुख असते. रात्री धुतलेले पातळ फडके हरभऱ्यावर पसरून ठेवायचे. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यातून आंबट रस पाझरतो आणि तो दवात उतरतो. पहाटे फडके पिळले की वाटीभर आंब निघते. आमच्या लहानपणी घरोघरी ती बाटलीत भरून ठेवीत आणि पोट दुखले की चमचाभर पाजीत. दात मात्र असे आंबत, की भाकरी चावणे कठीण!

याच दिवसांत कुंपणावर काळा थिरथिऱ्या येऊन बसतो. शेपटी सारखी थरथर हलवतो, म्हणून त्याला हे नाव. पाटाच्या पाण्याकाठी धोबी पक्षी तुरुतुरु धावतो. हे दोघेही उत्तरेकडचे पाहुणे. हिवाळ्यापुरते येतात आणि ऊन तापू लागले की परत जातात.

आमची मांजरे मात्र कुठेच जात नाहीत. मनी तीन रंगांची आहे आणि तिचा मुलगा काळ्या नावाप्रमाणेच काळा कुळकुळीत. तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दिवसातले बारा ते सोळा तास झोपणे हा मांजरांचा धर्मच. थंडीत त्यांची नजर असते ती समोरच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगावर. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवावा लागतो, आणि त्याहून मऊ बिछाना मांजराला कुठे मिळणार? पण कापसात केस-कचरा गेला की खरेदीच्या वेळी भाव कापतात. म्हणून त्या खोलीला कडी आणि मांजरांसाठी चुलीशेजारी जुन्या गोधडीचा तुकडा घातलेला खोका, अशी वाटणी आम्ही करून दिली आहे. संध्याकाळी भाकरी झाल्या, की दोघेही खोक्यात एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून निजतात. चुलीतला निखारा, मांजरांची घुरघुर आणि बाहेर टिटवीची एखादी हाक. आमच्या घरातली हिवाळ्याची शांतता ती हीच.

ही शांतता आमच्या घराला फार उशिरा लाभली. आमच्या आजोबांनी उभी हयात सालदारकीत घालवली. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि मोबदल्यात ठरलेली ज्वारी व थोडे पैसे घ्यायचे. ती ज्वारी पावसाळा येईतो कशीबशी पुरायची. आजी म्हणे, "आपल्या घरी मांजर टिकत नाही बापा, ते वाड्यावर जाते." लहानपणी आम्हांला वाटे, मांजरालाही मोठ्यांचे घर आवडते. पुढे कळले की त्यात मांजराचा दोष नव्हता. ज्या घरात दाणा नाही तिथे उंदीर कशाला येईल? आणि उंदीर नाही तिथे मांजर कशाला राहील? त्या पिढीच्या बायांच्या तोंडी एक बोलणे होते, "चुलीत मांजर निजले." म्हणजे घरात शिजवायला काही नाही, चूल थंड आहे आणि मांजराने राखेत अंग टाकले आहे. आजीने ते दिवस पाहिले होते. वडील शिकले, नोकरीला लागले, त्यांनी पै-पै जमवून चार एकर जमीन घेतली आणि आमच्या घरात पहिल्यांदा कणगी उभी राहिली. त्याच वर्षी एक मांजरी आपण होऊन आली आणि राहिली. आज मनी चुलीत न निजता पेटत्या चुलीशेजारी निजते, हा फरक आम्हांला मोठा वाटतो.

मांजर दाण्याच्या मागे माणसाच्या घरी आले, असे अभ्यासकही सांगतात. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले. ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर.

मागल्या हिवाळ्यात आमच्या कणगीला उंदीर लागले. शेजारचा मुलगा जीव लावणारा. तो कृषी केंद्रातून करड्या-काळ्या भुकटीची पुडी घेऊन आला. म्हणाला, "काका, पिठात कालवून ठेवा. एका रात्रीत साफ." आम्ही ती पुडी त्याला तिथल्या तिथे परत दिली. त्याला वाटले, मांजरांच्या लाडापायी म्हातारी माणसे हट्ट करतात. पण कारणे पुष्कळ आहेत, आणि ती प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावीत.

ही भुकटी झिंक फॉस्फाईडची. पोटात गेली की तिच्यापासून विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मिळतात, त्यांनी रक्त गोठणे थांबते व उंदीर काही दिवसांनी मरतो. मधल्या काळात तो सुस्तावून फिरत असतो. असा उंदीर मांजराने, कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ला की विष त्यांच्याही पोटात जाते. उंदीर खाणारेच मेले तर पुढच्या वर्षी उंदरांना मोकळे रान. शिवाय रांगते मूल पिठाची गोळी तोंडात घालायला किती वेळ लागतो?

आणखी एक कारण आहे. आमचा हा मुलूख विषाने पोळलेला आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नापिकी आणि कर्जाच्या ओझ्याखाली ज्यांनी स्वतःहून विष जवळ केले, त्यांची घरे तर प्रत्येक तालुक्यात आहेत. संकटाच्या एका रात्री हाताशी विषाची पुडी नसेल, तर सकाळ उजाडू शकते. म्हणून घरात विष नको, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले आहे.

मग उंदरांचे काय केले? धान्य पत्र्याच्या कोठ्यांत भरले, कोठ्या विटांवर उचलून भिंतीपासून हातभर दूर ठेवल्या, भिंतीतली भोके पत्रा व सिमेंटने बुजवली. करंगळी जाईल एवढ्या भोकातूनही लहान उंदीर आत शिरतो. दोन पिंजरे लावले. बाकीचे काम मनी आणि काळ्याने केले. मांजर सगळे करील असेही समजू नये. मोठ्या घुशीसमोर भलेभले बोकेही माघार घेतात, तिथे पिंजराच हवा.

मांजर आडवे गेले की काम बिघडते, असे मानणारे अजून आहेत. आमच्या काळ्यामुळे दोघी-तिघी बाया रस्त्यात थबकतात. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, "अवो बाई, तो दिवसातून वीसदा आम्हांला आडवा जातो. मग आमचे वीस वेळा काय वाईट झाले?" त्या हसतात आणि पुढे जातात. जो प्राणी आपला दाणा राखतो त्याला अपशकुनी म्हणणे हा कृतघ्नपणा आहे.

मांजर पाळायचे तर त्याची निगाही राखली पाहिजे. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर निरोगी राहत नाही. त्याला मांस-मासळी लागतेच. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आमच्याकडे सुकट आणली की त्यांचा वाटा काढलेला असतो. पोटभर मिळाले म्हणजे पाखरांमागेही ती कमी लागतात. पहाटे पाखरे जमिनीवर दाणे टिपतात, म्हणून ऊन वर येईपर्यंत आम्ही दार उघडत नाही. मांजर तापले म्हणून आपल्यातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधीही देऊ नये, ती त्याला विषासारखी आहे. तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्यावी. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होतो. चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते व सुमारे नऊ आठवड्यांत विते. पिल्ले पोत्यात घालून वेशीबाहेर सोडण्याचा क्रूरपणा टाळायचा असेल, तर शस्त्रक्रिया करून घेणे बरे. मनीची आम्ही केली आहे.

मुले पुण्याला बोलावतात. "आई, बाबा, थंडीचे दोन महिने तरी इकडे या," म्हणतात. त्यांची माया आम्हांला कळते. आम्ही उन्हाळ्यात जातो. हिवाळ्यात मात्र कणगी भरलेली असते आणि चूल पेटलेली असते. हे पाहायला आजी नाही, म्हणून ते आम्ही पाहतो.

ज्यांच्या घरी थोडाफार दाणा साठवलेला आहे, त्यांनी या हिवाळ्यात एवढे करावे. घरात कोनाड्यात, माळ्यावर विषाची जुनी पुडी पडली असेल तर ती शोधावी. चुलीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. हातमोजे घालून, पुडी न फोडता, मुला-जनावरांपासून दूर ठेवावी आणि कृषी अधिकाऱ्यांना विचारून तिची विल्हेवाट लावावी. मग शेजारणीकडे मांजरीची पिल्ले असतील तर एक मागून आणावे.