पडीक म्हणे!

परवा ऑफिसात मेल आला. वर्षभराच्या विमानप्रवासाचा कार्बन फेडायला कंपनी 'पडीक' जमिनीवर झाडं लावणार आहे. पगारातून थोडे पैसे कापू द्या, एक झाड तुमच्या नावावर, पाप धुतलं! मी टिक केलं नाही. शेजारचा म्हणाला, "अरे, तू भंडाऱ्याचा ना? तुला तर झाडांचं कौतुक हवं."

आहे की. म्हणूनच चिडलोय.

तर मंडळी, मुद्दा साधा आहे. माती श्वास सोडते. मुळं, बुरशी आणि जीवाणू अन्न जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्ये सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवा आणि झाडंझुडपं मिळून आहे त्याहून जास्त! म्हणजे खरी तिजोरी जमिनीखाली आणि आपण मोजतो फांद्या.

आणि हा श्वास काही एकसारखा नसतो. १९५८ साली बर्च नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर दाखवलं, की कोरडी माती भिजली की कार्बन डायऑक्साइडचा लोंढाच सुटतो. वाळवंटातल्या टेकड्यांवरही तेच. महिनोन्‌महिने सामसूम, मग एक सर आली की वाळूवरची जिवाणूंची पापडी जागी होते. आमच्याकडे मृगाचा पाऊस तापलेल्या धानाच्या बांधीवर पडला की तोच खेळ. रोवणीनंतर पाणी साचतं, ऑक्सिजन संपतो आणि मिथेन सुटतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. बांधी तीच, पण ऋतूगणिक हिशेब वेगळा.

आता 'पडीक'. सरकारच्या २०१९ च्या वेस्टलँड ॲटलासमध्ये झुडपी जमीन आहे, वाळवंटातली वाळू आहे आणि नदीकाठची वाळूसुद्धा आहे. म्हणजे थरच्या टेकड्या आणि वैनगंगेचं वाळवंट एकाच यादीत! गवताळ माळाचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो. तिथे ओळीने खड्डे खणले की माती उलथते, मुळं तुटतात, साठलेला कार्बन निसटतो. रोप जगलं तर वर्षानुवर्षांनी भरपाई, मेलं तर निव्वळ तोटा. आणि तिथे चरणारी गुरं? ती कुठल्याच एक्सेलमध्ये नसतात.

राज्यात २०१७ ते २०१९ मध्ये ५० कोटी झाडांची मोहीम झाली. उद्दिष्ट होतं लावण्याचं. आपल्या भाषेत सांगायचं तर काउंटर फक्त वाढवायचा, कमी करणारी ओळ कुणी लिहिलीच नाही. असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण पास करू का?

तुम्ही म्हणाल, मग झाडं लावूच नयेत? लावा ना! जिथे जंगल होतं आणि तुटलं, तिथे जरूर लावा. पण आधी मोजा. मातीवर बंद डबा ठेवून आत वायू किती वाढतो ते बघायचं, दिवसा, रात्री, उन्हाळ्यात, पावसात. पुण्याच्या आयआयटीएमने तर काझीरंगाच्या जंगलात आणि पिचावरमच्या खारफुटीत मनोरे उभारून ही देवाणघेवाण मोजलीय. अशक्य काहीच नाही, फक्त फोटो छान येत नाही.

मी मेलला उत्तर धाडलं: जमीन कुठली? तिथे गुरं कुणाची चरतात? माती मोजली का? आणि ती मीटिंग फोनवर नसती का झाली?

अजून उत्तर नाही. सोमवारचं तिकीट मात्र आलंय. असो. बघा पटतंय का.