गौरी आणि गोळी

श्रावण लागला की आमच्याकडच्या बायका कॅलेंडर दोनदा बघतात. एकदा सण कधी ते, आणि एकदा आपली 'तारीख' नेमकी त्यात येतेय का ते! आली, की केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायची गोळी आणायची. पेपरमिंट आणावं इतक्या सहज. निदान ती गोळी पोटात जाऊन करते काय, हे तरी माहीत असावं म्हणून हा प्रपंच.

पाळीचं चक्र सुरू होतं मेंदूतून. हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने इशारे देतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स सोडते. एफएसएचमुळे बीजकोशात एक बीज वाढीला लागतं. भोवतालच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. इस्ट्रोजेन भरपूर वाढून टिकून राहिलं की एलएच एकदम उसळतं, आणि साधारण 36 तासांत बीज बाहेर पडतं. मागे उरलेला कोश प्रोजेस्टेरॉन बनवून अस्तराला आधार देतो. गर्भ राहिला नाही तर सुमारे 14 दिवसांत तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर गळतं. झालं, हीच पाळी.

गोळीत असतं नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची नक्कल. ती सहसा तारखेच्या 3 दिवस आधी सुरू करतात. खरा आधार सुटला तरी खोटा टेकू उभा! गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येतेच.

डॉक्टरांनी विचारपूस करून दिली तर बहुतेकींना ती चालते. पण पूर्वी रक्ताची गुठळी झालेली किंवा यकृताचा आजार असलेली बाई असेल तर? केमिस्ट हे विचारत नाही. सासूबाई तर नाहीतच.

स्वतःच्या सोयीसाठी, प्रवासासाठी कुणी घेत असेल तर तो तिचा प्रश्न. माझा आक्षेप 'विटाळा'ला आहे. याच अस्तरात गर्भ रुजला असता तर आपण तिची ओटी भरली असती, डोहाळजेवण केलं असतं. रुजला नाही, म्हणून तेच अस्तर अपवित्र? आणि आसामात कामाख्येच्या देवळात दर जूनमध्ये देवीचीच पाळी अंबुबाची म्हणून पाळतात, तीन दिवस देऊळ बंद ठेवून!

खरं सांगू? आजीच्या काळी बाजूला बसणारीला निदान कामातून सुट्टी तरी मिळे. आता सोवळं हवं आणि पुरणपोळ्या लाटणारी बाईही हवी. दोन्ही साधायचं तर गोळी. म्हणजे देवापेक्षा सोय आपली.

गौर तर माहेरवाशीण म्हणून येते. तिच्या पाहुणचारासाठी घरच्या लेकीसुनांनी गोळ्या गिळाव्यात, हे मला पटत नाही. घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण त्याआधी, जिला घ्यायची आहे तिलाही विचारा.

तुमच्याकडे काय करतात?